आहेर आणि व्यवहार

पांढुर्णा आणि सौसर या भागांत राहणाऱ्या मराठी माणसाला एका शब्दाचे दोन अर्थ नेहमीच सांभाळावे लागतात. तो शब्द म्हणजे 'व्यवहार'. मराठीत व्यवहार म्हणजे देवघेव, रोकडा हिशेब. जेथे भावनेला फारसा थारा नाही अशी गोष्ट. "अहो, हा व्यवहार आहे, येथे नातेगोते नको," असे आपण सहज म्हणून जातो. परंतु छिंदवाड्याकडच्या हिंदी भाषक शेजाऱ्याच्या घरी लग्नाला गेले, की मांडवाच्या दाराशी वही घेऊन बसलेला गृहस्थ अगत्याने विचारतो, "व्यवहार लिखवा दिया?" त्याच्या बोलीत व्यवहार म्हणजे लग्नात द्यावयाची रक्कम; म्हणजेच आपला आहेर. एका भाषेत कोरडा ठरलेला शब्द शेजारच्या भाषेत आपुलकीचा होऊन बसला आहे, आणि आपण सीमेवरची माणसे दोन्ही अर्थांच्या मधोमध उभी आहोत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. सीमारेषा नकाशावर उमटली. सोयरिकी मात्र वरुड, नरखेड, काटोल, सावनेर येथे पूर्वीप्रमाणेच होत राहिल्या. २०२३ साली पांढुर्णा हा सौसरसह स्वतंत्र जिल्हा झाला, तरी लग्नघरच्या चालीरीती ना भोपाळने बदलल्या ना मुंबईने. म्हणूनच आहेरासंबंधी आज घरोघर विचारला जाणारा प्रश्न आपल्याकडे अधिकच रंगतो. वस्तू द्यावी की रोख रक्कम? आणि शहरांतून हळूहळू येऊ लागलेले ते गिफ्ट कार्ड, ते या दोहोंत कोठे बसते?

बंदा रुपया

वस्तू आणि पैसा हा वाद आपल्याला वाटतो तितका जुना नाही. आपल्या पणजीच्या काळी तो संभवतच नव्हता. कारण तेव्हा नाणे हीच एक वस्तू होती. राणीछाप रुपया एक तोळा वजनाचा, म्हणजे १८० ग्रेन किंवा सुमारे ११.६६ ग्रॅम असे, आणि त्याच्या बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असे. नवरीच्या हातावर ठेवलेला असा रुपया खर्चता येई, वितळवून जोडव्यात घालता येई, कडी लावून गळ्यात मिरवताही येई. देणाऱ्याने पैसे दिले की दागिना दिला, हा प्रश्न कोणाच्या मनात उद्भवण्याचे कारणच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली ती अजिबात जाऊन निकेलचा रुपया आला. नाण्यातली चांदी गेली आणि त्याबरोबरच आहेराचे दोन तुकडे झाले. एकीकडे निव्वळ पैसा राहिला, की जो आज आहे आणि उद्या महागाईने झिजणार. दुसरीकडे निव्वळ वस्तू राहिली, की जी टिकेल, परंतु घेणाऱ्याला हवी असेलच असे नाही. आज पाकिटावर चिकटवलेले एक रुपयाचे नाणे ही त्या जुन्या एकत्वाची उरलेली खूण होय, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या एका रुपयाचा अर्थही मोठा मार्मिक आहे. ५१, १०१, ५०१ अशा रकमा देण्यामागे आपल्याकडे अशी समजूत आहे, की पूर्ण आकडा म्हणजे हिशेबाची समाप्ती. वरचा एक रुपया म्हणजे पुढच्या देण्याघेण्याचा आरंभ. जपानमध्ये लग्नाचे पाकीट देताना नोटा कोऱ्या करकरीत असाव्या लागतात आणि सम आकडा टाळतात, कारण ज्याचे दोन सारखे भाग होतात ते संसाराला अशुभ. चीनमध्ये याच्या उलट सम आकडा शुभ. मात्र चार टाळतात, कारण त्या आकड्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो. रोख रकमेला मन नसते असे म्हणणाऱ्यांनी एवढ्या या काळज्या जरूर पाहाव्यात. पैशाला आहेर करण्यासाठी माणसांनी जगभर त्याला काही ना काही वेष चढवला आहे.

वहीत काय लिहिलेले असते?

आहेराची वही हा खरे पाहता आपल्या ग्रामीण अर्थव्यवस्थेचा एक न अभ्यासलेला ग्रंथ आहे. नाव, गाव, रक्कम, लुगडे-चोळी किंवा टोपी-दुपट्टा, एवढ्याच नोंदी. पण त्या वहीवर कित्येक लग्ने तरून गेली आहेत. आपल्या भागातील शेतकऱ्याच्या घरी पैसा वर्षभर सारखा वाहत नाही. कापूस वेचून विकला जातो तो दिवाळीच्या मागेपुढे. संत्र्याचा आंबिया बहार पावसाळा सरता सरता हाती येतो, तर मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मुलीचे लग्न मात्र बहाराची वाट पाहत थांबत नाही. अशा वेळी शंभर घरांतून थोडी थोडी आलेली रक्कम हे बिनव्याजी, बिनतारणी कर्जच असते. त्याची परतफेड त्या शंभर घरांतील लग्नांत, दहा-वीस वर्षांच्या मुदतीत, आपापल्या सोयीने व्हावयाची असते. सावकाराच्या दाराशी जाण्याची वेळ या वहीने अनेकांवर येऊ दिलेली नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली भेट या विषयावर एक विख्यात निबंध लिहिला. त्यात त्यांनी भेटीची तीन बंधने सांगितली: देण्याचे, घेण्याचे आणि परत देण्याचे. आपल्या वहीत ही तिन्ही बंधने एका रेषेत मांडलेली असतात. घेतले तेवढेच नेमके परत केले, तर संबंध संपवल्यासारखे दिसते. म्हणून थोडे वाढवून द्यावयाचे. म्हणजे कोणी तरी कोणाचे तरी सदैव देणे लागत राहते, आणि त्या देण्याच्या दोरीने गाव बांधले जाते.

परंतु या वहीची दुसरी बाजू दडवून चालणार नाही. जेथे आकडा लिहिला जातो तेथे आकड्यांची तुलना होते. ५,००१ च्या खालच्या ओळीवर ५१ लिहिले जात असताना तो देणारा मान खाली घालतो. आणि कोठे ध्वनिक्षेपकावरून नाव व रक्कम पुकारली जात असेल, तर त्याची स्थिती विचारावयासच नको. हातात पैसा नाही म्हणून सख्ख्या मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला न जाणारी आणि प्रकृतीचे कारण सांगणारी माणसे आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. जो आहेर माणसाला मांडवापासून दूर ठेवतो, त्याला आहेर म्हणावे की कर? लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ छापण्याची रीत पडली, ती याच अवघडलेपणातून. ती ओळ सद्भावनेची असते यात शंका नाही. मात्र ज्याच्याकडे त्या घरचे जुने देणे आहे त्याची ती पंचाईत करते, कारण फेडण्याची संधीच त्याच्याकडून हिरावून घेतली जाते.

भांड्यावरचे नाव

आता वस्तूंची बाजू. वस्तूंच्या आहेराची थट्टा करणे फार सोपे आहे. एकाच लग्नात आलेली सात भिंतीवरची घड्याळे, अकरा लेमन सेट, आणि खोक्यासकट एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहणारा तोच तो डिनर सेट, यांवर विनोदी लेखकांनी पुष्कळ लिहून झाले आहे. स्टीलची भांडी घरोघर पोहोचली, तेव्हापासून पेल्यांची आणि वाट्यांची तर मोजदादच राहिली नाही.

पण थट्टेच्या भरात एक गोष्ट आपण विसरतो. आपल्या वऱ्हाडी-नागपुरी घरांत मुलीला दिलेला पितळेचा गुंड, गंज, गडवा किंवा कोपर यांवर नाव घातलेले असे. ठोक्याठोक्याने कोरलेली ती अक्षरे केवळ शोभेची नव्हती. कोणी दिले, कोणाला दिले आणि केव्हा दिले, यांचा तो धातूवरचा लेख होता. सासरच्या घरात शंभर भांडी असली, तरी त्यांतली ही दहा माझी, असे त्या मुलीला त्या अक्षरांच्या बळावर सांगता येई. अडचणीच्या वेळी ती भांडी गहाण टाकून तिने मुलाची फी भरली असेल, आजारपण निभावले असेल. त्यासाठी कोणापुढे हात पसरण्याची तिला आवश्यकता पडली नाही. बँकेत तिचे खाते नव्हते, जमिनीच्या सातबाऱ्यावर किंवा खसऱ्यावर तिचे नाव नव्हते; नाव होते ते फक्त गुंडावर.

रोख रकमेचे तसे नाही. पाकिटे कोणाच्या हाती जातात? वधूपित्याच्या किंवा वरपित्याच्या पिशवीत. दुसऱ्या दिवशी आचारी, मांडववाला, बँडवाला आणि घोडीवाला यांची देणी भागवली जातात आणि पिशवी रिकामी होते. त्यात गैर काही आहे असे नाही; लग्नाचा खर्च भागवण्यासाठीच हा आहेर पूर्वापार चालत आला. तथापि पाकिटावर 'चि. सौ. कां.' असे लिहून दिलेली रक्कम जिच्या नावाने दिली तिच्या हाती पोहोचली का, हा प्रश्न विचारणारे कोणी नसते. रोख रक्कम अधिक उपयोगी, हे विधान खरे आहे. पण उपयोगी कोणाला, हे त्या विधानात सांगितलेले नसते. वस्तू की रोख या वादाचा खरा गाभा येथे आहे, असे मला वाटते.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिलेले आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे स्त्रीला विवाहापूर्वी, विवाहात किंवा विवाहानंतर मिळालेली भेट ही तिच्या पूर्ण मालकीची आहे. १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की स्त्रीधन सासरी ठेवले म्हणून ते सासरचे होत नाही. सासरची माणसे त्याची केवळ राखणदार असतात, आणि ते परत न करणे हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून हुंडाबंदी कायद्याखाली नवे नियम अमलात आले. त्यांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची एक आणि वराला मिळालेल्या भेटींची एक अशा याद्या लेखी कराव्या लागतात; त्यांत वस्तूचे थोडक्यात वर्णन, अदमासे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि तो नातेवाईक असल्यास नाते लिहून वधूवरांनी दोघांनी सह्या करावयाच्या असतात.

आपली जुनी आहेराची वही आणि कायद्याला हवी असलेली यादी यांत अंतर किती थोडे आहे पाहा! फरक एवढाच, की आपली वही कुटुंबप्रमुखाच्या कपाटात राहते आणि 'आपल्याला कोणाला किती परत करावयाचे' हे सांगते. कायद्याची यादी वधूची असते आणि 'हे कोणाचे आहे' हे सांगते. किती घरांत ही दुसरी यादी होते, हे वाचकांनी आपल्यापुरते आठवून पाहावे.

आयकराचा नियमही याच दिशेने बोलतो. विवाहप्रसंगी वधूवरांना मिळालेल्या भेटीवर, मग ती रोख असो वा वस्तुरूप, कर नाही. मात्र ही सवलत ज्याचा विवाह आहे त्याच्यापुरती आहे. आईवडिलांच्या नावे नातलगांखेरीज इतरांकडून आलेल्या रकमा वर्षाकाठी ५०,००० रुपयांच्या वर गेल्या, तर त्यांना ती लागू होत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आहेराचे धनी वधूवर आहेत. त्यांचे वडील नव्हेत.

शासनाने केलेला प्रयोग

हा वाद केवळ घरगुती राहिलेला नाही. आपल्या राज्यात शासनालाही तो सोडवावा लागला. मध्य प्रदेशात २००६ साली मुख्यमंत्री कन्या विवाह योजना सुरू झाली आणि सामूहिक विवाहांतून गरीब घरच्या मुलींना शासनाकडून एक प्रकारचे आंदण मिळू लागले. २०१८ च्या डिसेंबरात छिंदवाड्याचे अनेक वर्षे खासदार राहिलेले कमलनाथ मुख्यमंत्री झाले, तेव्हा साहाय्याची रक्कम २८,००० वरून ५१,००० रुपयांवर नेण्यात आली. पुढे २०२२ साली ती ५५,००० झाली. परंतु तिचा मोठा भाग संसारोपयोगी वस्तूंच्या रूपाने द्यावयाचा आणि ११,००० रुपयांचा धनादेश, अशी वाटणी होती.

सरकारी खरेदीतून आलेल्या वस्तूंबद्दल जे व्हावयाचे ते झाले. त्यांच्या दर्जाविषयी तक्रारी येऊ लागल्या. अखेर २०२३ साली वस्तू देणे थांबवून वधूच्या नावे ४९,००० रुपयांचा धनादेश द्यावयाचा आणि ६,००० रुपये आयोजनाच्या खर्चासाठी ठेवावयाचे, असे ठरले.

या प्रयोगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की जो घेणाऱ्याला ओळखत नाही त्याने वस्तू निवडण्याच्या भरीस पडू नये. मामा आपल्या भाचीसाठी पैठणी निवडतो, तेव्हा तिचा रंग, तिची उंची, तिची आवड त्याच्या डोळ्यांपुढे असते. कार्यालयातील कारकुनापुढे फक्त निविदा असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: रोख द्यावयाचे ठरले तेव्हा ते नोटांच्या पाकिटात न देता वधूच्याच नावाच्या खात्यावर, तिच्याखेरीज कोणाला न वटणाऱ्या धनादेशाने देण्यात आले. जे काम पूर्वी गुंडावर कोरलेले नाव करीत होते, तेच आता धनादेशावर लिहिलेले नाव करू लागले. वस्तूचा टिकाऊपणा आणि पैशाची मोकळीक यांचा मेळ घालण्याची ही युक्ती घरगुती आहेरातही अनुकरण करण्यासारखी आहे.

अर्थशास्त्रज्ञाचा हिशेब

१९९३ साली जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने नाताळच्या भेटींवर एक लेख लिहून पुष्कळ खळबळ उडवली. त्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले, की तुम्हाला मिळालेल्या भेटींची बाजारातील किंमत काय असेल, आणि भावनेचा भाग वगळला तर त्यांची किंमत तुमच्या लेखी काय? दोन्ही आकडे ताडून पाहता असे दिसले, की भेटवस्तूच्या किमतीचा एक-दशांशापासून एक-तृतीयांशापर्यंतचा भाग वाया जातो. रोख दिले असते तर काहीच वाया गेले नसते, हे ओघाने आलेच. त्याला आणखी असे आढळले, की मित्रमैत्रिणींच्या भेटी घेणाऱ्याच्या आवडीला अधिक उतरतात. आजी-आजोबा, काका-मामा यांच्या भेटींत नासाडी जास्त, आणि रोख रक्कम देण्याकडे कलही याच मंडळींचा अधिक.

हा हिशेब चूक नाही; पण त्यात एक मेख आहे. 'भावनेचा भाग वगळून' असे म्हटल्यावर भेटीत उरते काय? चिवड्याच्या डब्यातून चिवडा काढून घ्यावा आणि मग डबा हलका लागतो म्हणावे, तसे ते आहे. तथापि त्या लेखातून एक व्यावहारिक सूत्र हाती लागते: जितका परिचय दाट, तितकी वस्तू साजेशी, जितका परिचय विरळ, तितकी रोख रक्कम बरी. आपल्या वडीलधाऱ्यांनी हे सूत्र कोणताही लेख न वाचता पाळले होते. मामाने वस्तू द्यावी, आत्याने साडी नेसवावी, आणि गावकऱ्याने वहीत रक्कम लिहवावी, ही वाटणी अगदी याच न्यायाने झालेली दिसते.

कार्डाचा तिसरा पर्याय

राहिले गिफ्ट कार्ड. पूर्वी बँका शुभेच्छापत्रासारखे सुरेख छापलेले गिफ्ट चेक देत असत. कार्ड हा त्यांचाच आधुनिक धाकटा भाऊ. रोख देणे रुक्ष वाटते आणि वस्तू निवडणे जिकिरीचे होते, अशा माणसाला ते सोयीचे वाटते. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशच्या नातलगाकडून ते आपल्याकडेही क्षणार्धात मोबाइलवर येऊन पडते.

परंतु त्याचे नियम समजून घेतले पाहिजेत. रिझर्व बँकेच्या २०२१ सालच्या निर्देशांप्रमाणे बँका आणि अन्य कंपन्या देत असलेल्या भेटीच्या कार्डात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम असू शकत नाही, ते पुन्हा भरता येत नाही आणि त्यातून रोख पैसे काढता येत नाहीत. त्याची मुदत किमान एक वर्षाची असावी, असेही बंधन आहे. एखाद्याच दुकानाने स्वतःपुरते काढलेले कार्ड मात्र या नियमांच्या कक्षेत येत नाही. तेथे त्या दुकानाच्या अटी लागू. म्हणजे कार्ड हा असा पैसा आहे, की जो कोठे खर्चावयाचा हे देणाऱ्याने ठरवले आहे, आणि केव्हापर्यंत खर्चावयाचा हे विकणाऱ्याने. विसरले, हरवले, मुदत टळली, तर लाभ ना देणाऱ्याचा ना घेणाऱ्याचा. तो राहतो तिसऱ्याच्या तिजोरीत.

पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर आहे. सौसरहून थोडे जवळ. एखाद्या मोठ्या दुकानाचे दोन हजारांचे कार्ड वटवण्यासाठी नवऱ्या मुलीने भाडे खर्चून नागपूर गाठावे, आणि तेथे दोन हजारांत मनाजोगे काही मिळत नाही म्हणून पदरचे पाचशे घालावेत, यात भेट कोणी कोणाला दिली हे ठरवणे कठीण आहे. घरबसल्या वस्तू मागवता येतात हे खरे. पण ज्या घरात मोबाइल एकच आणि तो घरच्या कर्त्या पुरुषाच्या खिशात, तेथे वधूच्या नावाचे कार्डही पाकिटाच्याच वाटेने जाणार. उलट, जी मुलगी नोकरीनिमित्त शहरात एकटी राहते, जिच्या खोलीत वस्तू ठेवण्यास जागा नाही, तिला पुस्तकांच्या किंवा कापडाच्या दुकानाचे कार्ड खरोखरच आनंद देऊन जाईल. तात्पर्य, कार्ड वाईट नाही. ते कोणाच्या हाती जाते आणि तिच्या वाटेवर ते दुकान आहे की नाही, हे आधी पाहावे.

रोख रकमेलाही तिचे धोके आहेतच. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, त्या नेमक्या तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर. लग्नघरांसाठी खात्यातून अडीच लाख रुपये काढण्याची खास सवलत शासनाला जाहीर करावी लागली, आणि तीही अनेक अटींसह. त्या मोसमात पितळेच्या गुंडाने मात्र आपले मोल एका रात्रीत गमावले नाही! त्याच वर्षी सुरू झालेल्या यूपीआयने पुढे मांडवापर्यंत मजल मारली. पत्रिकेवर पैसे पाठवण्याचा चौकोनी कोड छापल्याच्याही बातम्या आल्या. यातही एक सोय दडलेली आहे: तो कोड वधूच्या स्वतःच्या खात्याचा असेल, तर वाटेत पिशवी लागत नाही.

मग द्यावे काय?

या साऱ्या विवेचनातून एक सरसकट नियम निघेल अशी अपेक्षा कोणी करू नये. तरीही चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, ज्या मुलीला आपण अंगाखांद्यावर खेळवले, तिला वस्तूच द्यावी; पण विचारून द्यावी. "बेटा, घरात काय नाही?" एवढा एक प्रश्न सात घड्याळांचे संकट टाळतो. चार बहिणींनी मिळून एक चांगली शिलाई यंत्राची किंवा शीतकपाटाची भेट दिली, तर ती आठ लहान भेटींहून उजवी. आणि वस्तूवर नाव घालण्याची जुनी रीत लाजून सोडू नये; पावती वधूच्या नावे करणे हे तिचेच नवे रूप आहे.

दुसरी, रोख द्यावयाचे तर जिला द्यावयाचे तिच्या नावे द्यावे. थोरल्यांच्या मानाचे पाकीट निराळे आणि मुलीचे निराळे, असे दोन भाग करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. बारशाच्या वेळी तर हे अधिकच सोपे आहे. २०१५ पासून चालू असलेल्या सुकन्या समृद्धी योजनेत दहा वर्षांखालील मुलीचे खाते टपाल कार्यालयात किंवा बँकेत २५० रुपयांत उघडता येते. झबल्यांच्या ढिगाऱ्यात आणखी एकाची भर घालण्यापेक्षा आत्याने त्या खात्यात भरण्यासाठी दिलेली रक्कम मुलीच्या शिक्षणाच्या वयात तिला भेटेल.

तिसरी, वधूची यादी करावी. वही घेऊन बसणाऱ्या काकांशेजारी घरातील एखादी सुशिक्षित मुलगी दुसरी वही घेऊन बसली, तर लग्नाच्या गोंधळातही ते काम होते. त्यात अविश्वास मानू नये. सुखाच्या संसारात ती यादी आठवणींची वही ठरेल. दुर्दैवाने वेळ आलीच, तर तीच तिचा आधार होईल.

चौथी, आकडा पुकारू नये. वही लिहिणारे हात विश्वासाचे असावेत आणि त्यांचे तोंड बंद असावे.

पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे गडी माणूस सजवलेली बैलजोडी घेऊन दारोदार जातो आणि घरोघर त्याला बोजारा मिळतो. दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या काठी गोटमारीची गर्दी लोटलेली असताना, तान्ह्या पोळ्याची मुले लाकडी बैल ओढीत येतात, त्यांच्याही हातावर काही नाणी पडतात. बोजारा ही निव्वळ रोख रक्कमच; पण तिला कोणी रुक्ष म्हणत नाही, कोणी तिची बेरीज पुकारत नाही, आणि ती मालकाकडे जात नाही. ज्याने वर्षभर बैलाची सेवा केली त्याच्या मुठीत ती पडते आणि त्याचीच राहते. आधी बैलाची पूजा, मग त्याला नैवेद्य, मग गड्याच्या कपाळी गंध, आणि शेवटी पैसा, असा तो क्रम आहे. आहेराचेही याहून वेगळे काही नसावे. जे द्यावयाचे ते ज्याचे आहे त्याच्या मुठीत जावे आणि त्याआधी त्याच्या कपाळी आपल्या हाताने कुंकू लागावे. मग ते पितळेचे असो, कागदाचे असो वा कार्डाचे.